ज्यांच्यासमोर आपला खटला, त्यांनाच मत?

पत्राचा आशय : टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्या आणि त्यांचे पती मिळून छोटा व्यवसाय चालवतात. दुकानाच्या भाडेकरारावरून जागामालकाशी वाद झाला आणि प्रकरण आता डिस्ट्रिक्ट कोर्टात आहे. ज्या न्यायाधीशांपुढे ते चालू आहे, त्या या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणुकीला उभ्या आहेत. ताई नुकत्याच अमेरिकी नागरिक झाल्या, त्यामुळे हे त्यांचं पहिलंच मतदान. नमुना मतपत्रिका उघडली तर न्यायाधीशांच्या नावांची ही मोठी रांग, आणि प्रत्येक नावाशेजारी पक्ष. भरीस भर, मराठी मंडळातल्या ओळखीच्या एका वकिलांनी त्याच न्यायाधीशांच्या फंडरेझरचं, म्हणजे प्रचारासाठी देणग्या जमवण्याच्या समारंभाचं, निमंत्रण दिलं आणि वर सांगितलं, "या, ओळख होईल. नाव लक्षात राहतं." पतींचं म्हणणं, पाचशे डॉलर देऊन टाकू, कुठे बिघडतं? पुण्यातला थोरला भाऊ फोनवर हसला, "आपल्याकडचे न्यायाधीश निदान मतं तरी मागत नाहीत. रामशास्त्र्यांच्या गावचे आहोत आपण!" त्यावरून दोघांचं वाजलं. ताई विचारतात : देणगी द्यावी का? मत द्यावं का, की तो भाग कोरा सोडावा? आणि निवडून आलेला न्यायाधीश निःपक्षपाती असू शकतो का?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, कारण फंडरेझर माझ्या सदरासाठी थांबणार नाही. देणगी देऊ नका. तिथे जाऊही नका.

मी वकील नाही. खटल्याबद्दल तुमच्या वकिलांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. पण हा प्रश्न निम्मा कायद्याचा आणि निम्मा घरातला आहे, आणि घरातल्या भागाबद्दल मला बोलायचं आहे.

तुमचे पती "कुठे बिघडतं" म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय व्हायला हवं आहे, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. न्यायाधीशांना तुमचं नाव लक्षात राहावं, म्हणजे निकालाच्या वेळी ते नाव थोडं तरी कामी यावं, असंच ना? मग पुढचा हिशेबही करा. देणगीने काम होत असेल, तर जागामालकही देऊ शकतो, आणि व्यापारी जागांचे मालक तुमच्यापेक्षा मोठी रक्कम देऊ शकतात. त्या शर्यतीत तुम्ही हरणार. काम होत नसेल, तर पाचशे डॉलर फुकट गेले. आणि न्यायाधीश सचोटीच्या असतील, तर आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्या तुमच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर होतील. तिन्ही वाटांनी तोटाच.

पत्रात तुम्ही निःपक्षपातीपणाची काळजी करता आहात आणि त्याच पानावर देणगीचा विचारही करता आहात. दोष देत नाही. खटला अंगावर असला की माणूस असाच विचार करतो. आपल्याला बहुधा समोरच्यासाठी निःपक्षपाती आणि आपल्यासाठी जरा समजूतदार असा न्यायाधीश हवा असतो. पण हे स्वतःशी कबूल केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आता कायद्याचं थोडं. टेक्सासमध्ये न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला देणगी देणं बेकायदा नाही. रकमेवर मर्यादा आहेत आणि देणगीदारांची नावं जाहीर नोंदीत येतात. वकील तर सर्रास देतात, आणि नुसत्या तेवढ्या कारणावरून इथली न्यायालयं सहसा न्यायाधीशांना खटल्यातून बाजूला करत नाहीत. पण नोंद जाहीर आहे म्हणजे जागामालकाच्या वकिलालाही ती दिसणार. खटला चालू असताना पक्षकारानेच पैसे दिले, असं दाखवून त्याने न्यायाधीश बदलण्याचा अर्ज केला, तर न्यायाधीशांना एक तर स्वतः बाजूला व्हावं लागतं किंवा अर्ज प्रादेशिक प्रमुख न्यायाधीशांकडे पाठवावा लागतो. अर्ज टिको न टिको, तुमचे काही आठवडे आणि वकिलाची फी गेली. शिवाय अशा समारंभात हातात ग्लास घेऊन गप्पा मारताना कुणीतरी सहज विचारणार, "तुमचं काय चाललंय?" दुसऱ्या पक्षाच्या पाठीमागे न्यायाधीशांशी खटल्याबद्दल बोलणं नियमाविरुद्ध आहे. एक वाक्य निसटलं तरी निस्तरायला कठीण.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण मंडळांमधून ही चूक सहज होऊ शकते. जे नागरिक नाहीत आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्डही नाही, त्यांना अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी काउंटीच्या, म्हणजे जिल्हा पातळीच्या, निवडणुकीतही, देणगी देता येत नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या मित्राने "माझेही शंभर घाला" म्हटलं, तर नाही म्हणा. भारतातून सासऱ्यांनी पाठवलेले पैसे त्यांच्या वतीने देणं, तेही नाही.

देणगी आणि न्याय यांचं नातं किती विचित्र होऊ शकतं, हे पाहायचं तर वेस्ट व्हर्जिनियातला केपर्टन खटला पाहा. ह्यू केपर्टन या छोट्या कोळसा व्यावसायिकाला मॅसी या बड्या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, 5 कोटी डॉलरची भरपाई दिली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होतं. मधल्या 2004 च्या निवडणुकीत मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराला निवडून आणण्यासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले. अपिलातून बाजूला व्हायला त्यांनी नकार दिला. निकाल तीन विरुद्ध दोन असा मॅसीच्या बाजूने लागला, आणि त्या तिघांत ते होते. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशा परिस्थितीत बाजूला होणं घटनेनेच बंधनकारक आहे. मग प्रकरण परत गेलं, बेंजामिन यांच्याविना सुनावणी झाली, आणि निकाल पुन्हा मॅसीच्याच बाजूने लागला.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असं तुमचे पती विचारतील. पहिल्या निकालाने केपर्टनच्या मनात जो प्रश्न ठेवला होता, तो दुसऱ्याने ठेवला नाही, यासाठी. हरणाऱ्याला आपण हरलो हे मान्य करता यावं लागतं. उद्या तुम्ही जिंकलात तर जागामालकाला, आणि हरलात तर तुम्हाला.

मतदानाकडे वळते. मत जरूर द्या, त्या न्यायाधीशांच्या जागेसाठीसुद्धा. मत गुप्त आहे आणि लाखांतलं एक आहे. त्याने त्यांच्यावर तुमचा उपकार होत नाही आणि विरोधात दिलं तर वैरही होत नाही. कायद्यानेही त्याला अडसर नाही. तरीही त्या एका जागेपुरतं मन साशंक असेल, तर ती जागा कोरी सोडा. बाकीची मतपत्रिका त्याने बाद होत नाही. मात्र सगळीच न्यायाधीशांची पानं कोरी सोडण्याला माझा विरोध आहे. "मला यातलं कळत नाही" हे प्रामाणिक कारण आहे, पण ज्यांना तुमच्याहून कमी कळतं ते मत देऊनच परततात.

त्याचा एक नमुना टेक्सासच्याच इतिहासात आहे. 1976 मध्ये डॉन यारब्रो नावाचे एक फारसे कुणाला ठाऊक नसलेले वकील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभे राहिले. वकीलवर्गाची पसंती त्यांच्या अनुभवी प्रतिस्पर्ध्याला होती. पण यारब्रो आडनावाचे दोन राजकारणी टेक्सासमध्ये प्रसिद्ध होते, त्यातले एक माजी सिनेटर. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, तो कोण बघतो? हे गृहस्थ निवडून आले. काही महिन्यांतच गंभीर आरोपांमुळे 1977 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढे खोट्या साक्षीबद्दल शिक्षाही झाली.

आज आडनावाची जागा पक्षाने घेतली आहे. एकाच बटणाने सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय टेक्सासने 2020 च्या निवडणुकीपासून काढून टाकली, तरी हात सवयीने एकाच रंगाच्या नावांवर जातो. 2018 मध्ये तुमच्या शेजारच्या हॅरिस काउंटीत लाट अशी आली की एका पक्षाचे न्यायाधीश जवळपास सगळेच गेले. त्यात कामचुकार होते तसे उत्तमही होते, सगळे एकाच पुरात. त्याच निवडणुकीत 17 कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश निवडून आल्या, आणि नेमणुकीची वाट पाहत बसल्या असत्या तर हे इतक्या लवकर झालं नसतं, हेही खरं. निवडणुकीच्या बाजूचा हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही.

मग निवडायचं कसं? लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था मतदारांसाठी मार्गदर्शिका काढते, त्यात उमेदवारांची त्यांच्याच शब्दांतली उत्तरं असतात. वकिलांच्या संघटना, म्हणजे बार असोसिएशन, न्यायाधीशांबद्दल वकिलांचा कौल घेतात. तो वाचा, पण विश्वास जरा हातचा राखून : वकिलांनाही पक्ष असतात, आणि आपल्या अशिलांना सोयीचा न्यायाधीश त्यांना चांगला वाटतो. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर जाहीर ताशेरे पाहता येतात, त्यात नाव आहे का बघा. आणि सगळ्यात सोपा, पण कुणीच न करणारा उपाय म्हणजे न्यायालयात जाऊन बसा. ते सर्वांना खुलं असतं, काही न्यायालयांचं कामकाज तर यूट्यूबवरही दिसतं. वेळेवर सुरू होतं का, वकील न घेता आलेल्या गोंधळलेल्या माणसाशी न्यायाधीश कसं बोलतात, निर्णय देताना कारण सांगतात का. एका सकाळीत बरंच कळतं.

एक खूण मात्र पक्की धरा. जो उमेदवार "मी गुन्हेगारांना सोडणार नाही" किंवा "मी अमक्यांच्या बाजूने उभा राहीन" असं सांगत फिरतो, त्याच्यापासून सावध. 2002 च्या एका निकालानंतर वादग्रस्त प्रश्नांवर आपली मतं जाहीर करायला न्यायिक उमेदवारांना मोकळीक मिळाली आहे, त्यामुळे ही भाषा बेकायदा नाही. पण जो निकाल आधीच सांगतो त्याच्यासमोर साक्षीपुरावा कशाला न्यायचा? ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफोर्ड गॉर्डन या दोन अभ्यासकांनी 2004 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शिक्षा तपासून दाखवलं की न्यायाधीशांची निवडणूक जवळ येते तशा शिक्षा कडक होत जातात. गुन्हा तसाच, आरोपी तसाच, फक्त दिनदर्शिकेचं पान वेगळं. अलाबामात तर ज्यूरीने जन्मठेप सुचवली असतानाही न्यायाधीश मृत्युदंड देऊ शकत होते. निवडून येणाऱ्या न्यायाधीशांवर मतदारांचं दडपण येतं, अशी शंका 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी लेखी नोंदवली. 2017 मध्ये राज्याने तो अधिकार काढून घेतला. निवडणुकीच्या पद्धतीची किंमत बहुतेकदा असा माणूस मोजतो ज्याच्याकडे ना मत असतं ना देणगी. तुमच्या भाडेकरारापेक्षा मला याची काळजी अधिक आहे, खरं सांगायचं तर.

एक व्यावहारिक सूचना : मतदान केंद्रावर फोन वापरता येत नाही, पण कागदावर लिहिलेली यादी नेता येते. घरी बसून यादी करा आणि कागद पर्समध्ये ठेवा. पन्नास नावं तोंडपाठ कुणालाच होत नाहीत.

आता तुमच्या भावाकडे येऊ. फोनवर वाजलं ते मला बरं वाटलं, कारण त्यांच्या प्रश्नात दम आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलंय, आणि तुमच्याही पत्रात तेच आहे : न्यायाधीश खुर्चीवर कसा आला यावरून तो कसा वागेल ते ठरतं. मला तसं वाटत नाही. खुर्चीवर बसल्यानंतर त्याला उद्या काय गमवायचं आहे आणि काय मिळवायचं आहे, तिकडे बघावं.

टेक्सासचंच ताजं उदाहरण घ्या. फौजदारी प्रकरणांचं इथलं सर्वोच्च न्यायालय वेगळं आहे. त्याने 2021 मध्ये आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला की निवडणुकीतल्या गुन्ह्यांचे खटले राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल स्थानिक सरकारी वकिलांना डावलून स्वतःहून चालवू शकत नाहीत. न्यायालयातले सगळे न्यायाधीश अ‍ॅटर्नी जनरलच्याच पक्षाचे होते, तरी हा निर्णय दिला. कौतुक करावं असाच प्रसंग. पण मार्च 2024 मध्ये त्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्या आठांपैकी तिघी उभ्या होत्या. अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला, आणि तिघीही हरल्या. त्यांतल्या एक 1994 पासून निवडून येत होत्या. निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. पुढच्या वेळी असाच निर्णय लिहायला बसलेल्या न्यायाधीशाच्या डोक्यात त्या तिघी असणार की नाही, एवढंच विचारते.

हे ऐकून तुमचे भाऊ टाळी मागतील. त्यांना 1973 ची आठवण द्या. केशवानंद भारती खटल्यात सरकारच्या विरोधात गेलेल्या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना, शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून सरकारने अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. आणीबाणीत, 1976 मध्ये, जगण्याचा हक्कही सरकार स्थगित करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयात बहुमताने ठरलं तेव्हा एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाची नेमणूक झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. मतपेटी कुठेच नव्हती. नेमणूक हीदेखील निवडणूकच असते, फक्त मतदार एक-दोनच असतात.

त्या अनुभवातूनच पुढे 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांची सूत्रं ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे नेली. राज्यघटनेत हा शब्द नाही. संसदेने 2014 मध्ये घटनादुरुस्ती करून नेमणुकांसाठी आयोग आणला, तो न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी कॉलेजियमच्या बंद दाराआडच्या कारभारावर कडक टीका केली. म्हणजे भारतात वरच्या न्यायालयांत न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, सरकार नको ती नावं लांबवतं, आणि कारणं लोकांना क्वचितच कळतात. निवृत्ती उच्च न्यायालयात 62 व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात 65 व्या. त्यानंतर न्यायाधिकरणं, आयोग अशा जागा असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच नेमणुकांत सरकारचा हात असतो. उद्या काय मिळवायचं आहे, हा प्रश्न तिथेही आहेच.

शिवाय भाऊ तुलना चुकीच्या पायरीशी करत आहेत. तुमचा खटला आहे तशा पायरीवर महाराष्ट्रात बसतात ते दिवाणी न्यायाधीश. ते एमपीएससीची परीक्षा देऊन येतात, आणि त्यांची बढती-बदली उच्च न्यायालयाच्या हाती असते. मला विचाराल तर पहिल्या पायरीसाठी ही पद्धत टेक्सासपेक्षा बरी आहे. भावाला एवढं श्रेय द्या, भांडण मिटवायला उपयोगी पडेल.

आणि रामशास्त्री. नारायणरावांच्या खुनात राघोबादादांना दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबुवा आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण गोष्ट तिथेच थांबवतो. निकाल दिला, अंमल कुणी करायचा? सत्ता आरोपीच्याच हातात होती. शास्त्रीबुवा पद सोडून पुण्याबाहेर गेले. एका माणसाचा कणा ताठ होता म्हणून व्यवस्था ताठ होती असं होत नाही. उलट, न्याय करण्यासाठी जिथे रामशास्त्रीच लागतो, तिथली व्यवस्था मोडकीच म्हणायची.

मधला मार्ग शोधायचे प्रयत्न पुष्कळ झाले. मिसूरीने 1940 मध्ये सुरू केलेली पद्धत अशी : एक समिती नावं सुचवते, राज्यपाल एकाची नेमणूक करतो, आणि काही काळाने मतदारांना फक्त "ठेवायचं की नाही" एवढंच विचारतात. कागदावर छान. आयोवात अशीच पद्धत आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली, आणि 2010 मध्ये मतदारांपुढे आलेल्या तिन्ही न्यायमूर्तींना घरी पाठवलं गेलं. मेक्सिकोने दुसरं टोक गाठलं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे न्यायाधीश थेट मतदानाने निवडले, आणि मतदान झालं जेमतेम 13 टक्के. स्वित्झर्लंडमध्ये केंद्रीय न्यायाधीशांना संसद सहा वर्षांसाठी निवडते, पक्षांच्या बळाच्या प्रमाणात, आणि न्यायाधीशच आपल्या पक्षाला वर्गणी देतात! देणगी उलट्या दिशेने वाहते. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून निवडा, असा प्रस्ताव 2021 मध्ये तिथल्या मतदारांनी फेटाळला.

माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. मला जर्मनीच्या घटना न्यायालयाची रीत पटते. निवड संसदेची दोन सभागृहं करतात, म्हणजे राजकीयच, पण दोन-तृतीयांश मतं लागत असल्याने एकट्या पक्षाचं चालत नाही. मुदत 12 वर्षं, आणि पुन्हा निवड नाही. न्यायाधीशाला भ्रष्ट करते ती पहिली निवड क्वचितच, दुसऱ्या निवडीची आशा जास्त. सॅन्ड्रा डे ओकॉनर यांच्याकडे पाहा. 1974 मध्ये अ‍ॅरिझोनात त्या मतदारांनी निवडलेल्या न्यायाधीश होत्या, 1979 मध्ये राज्यपालांनी वर नेमलं, 1981 मध्ये रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयात. बाई त्याच. दोन्ही दारांतून आत आलेल्या या बाईंनी 2006 मध्ये निवृत्त झाल्यावर न्यायाधीशांच्या निवडणुकांविरुद्ध प्रचार केला. त्यांचा अनुभव माझ्या मतापेक्षा वजनदार आहे.

टेक्सासची पद्धत तुम्ही या नोव्हेंबरपर्यंत बदलू शकत नाही. खटल्याबद्दल मात्र काही गोष्टी हातात आहेत. भाडेकरारात ज्यूरीचा हक्क सोडल्याचं कलम आहे का, ते वकिलांना पाहायला सांगा, व्यापारी करारांत ते बऱ्याचदा असतं. नसेल, तर ज्यूरीची मागणी लेखी, सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी करावी लागते. हक्क असूनही नुसता विसरल्यामुळे हातचा जाऊ शकतो. महत्त्वाच्या सुनावणीची शब्दशः नोंद होईल याची खात्री करा, अपिलात तीच कामी येते. आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी या न्यायाधीशांना काय दिलंय ते जाहीर नोंदीतून बघून ठेवा. घाबरण्यासाठी नव्हे. रक्कम खरोखरच डोळ्यांत भरण्यासारखी असेल, तर वकिलांशी बोलायचा विषय आहे, एरवी नाही.

आणि पतींना हे सांगा : त्या न्यायाधीश हरल्या, तर जानेवारीत त्याच क्रमांकाच्या न्यायालयात दुसरी व्यक्ती बसेल आणि तुमची फाइल तिच्यापुढे जाईल. तेव्हा तिने देणगीदारांची यादी चाळली, तर तुमचं नाव पराभूत उमेदवाराच्या रकान्यात असेल. "नाव लक्षात राहतं" ते असंही राहू शकतं.

राहिले ते मंडळातले वकील. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी धरत नाही, त्यांच्या व्यवसायात हे रोजचं आहे. ते पुन्हा विचारतील तेव्हा कारणं देत बसू नका. "आमचं प्रकरण त्यांच्याकडेच चालू आहे, त्यामुळे आम्हाला जमणार नाही," एवढंच म्हणा. वकील आहेत, पुढचं त्यांना कळेल. आणि तरीही त्यांनी आग्रह धरला, तर गणेशोत्सवाच्या वर्गणीचा विषय काढा, ती तुम्ही निर्धास्तपणे देऊ शकता.